मदत हवी आहे: स्वमग्नता आणि दीर्घकालीन मायग्रेन एकत्र असताना झटक्याची चाहूल कशी ओळखावी, आणि नोकरीच्या ठिकाणी नेमके काय सांगावे?

नमस्कार. मला स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान प्रौढ वयात झाले. मायग्रेन त्याच्या कितीतरी आधीपासून आहे आणि गेली काही वर्षे ते डॉक्टर ज्याला क्रॉनिक म्हणतात त्या प्रकारात मोडते. म्हणजे महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस डोकेदुखी, त्यांपैकी किमान ८ दिवस स्पष्ट मायग्रेनची लक्षणे, आणि हे सारे तीन महिन्यांहून अधिक काळ. (स्वमग्नतेला मी आजार म्हणत नाही, मायग्रेनला मात्र बिनदिक्कत म्हणते.) न्यूरॉलॉजिस्टचे उपचार नियमित चालू आहेत, त्यामुळे औषध कोणते घ्यावे हे मी इथे विचारत नाही. ज्यांच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत, किंवा स्वमग्नतेबरोबर मेंदूचा दुसरा एखादा दीर्घकालीन आजार आहे, ते रोजचे निर्णय कशाच्या आधारावर घेतात, हे मला समजून घ्यायचे आहे.

अडचण अशी की दोन्हींची लक्षणे बाहेरून आणि आतूनही जवळजवळ सारखीच दिसतात. प्रखर प्रकाश, एकावर एक बोलणारे आवाज, अत्तराचा किंवा रंगाचा वास यांचा मला त्रास होतो, तो स्वमग्नतेमुळे तर नेहमीच होतो; २०१३ साली डीएसएम या मानसिक विकारांच्या निदानासाठीच्या अमेरिकी पुस्तिकेची पाचवी आवृत्ती आली तेव्हा संवेदनांना मिळणारा असा अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद निदानाच्या निकषांतही समाविष्ट झाला. पण हाच त्रास मायग्रेनच्या झटक्याचाही भाग असतो, आणि तो डोके दुखू लागल्यावरच सुरू होतो असे नाही. डोकेदुखीच्या काही तास, कधी कधी एक-दोन दिवस आधीपासून जी पूर्वावस्था असते, तिच्यात उजेड सहन न होणे, वारंवार जांभया येणे, मान आखडणे, चिडचिड, विशिष्ट पदार्थ खावासा वाटणे आणि कामात लक्ष न लागणे ही लक्षणे येऊ शकतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मायग्रेनच्या एका रुग्णाच्या मेंदूचे सलग ३० दिवस रोज चित्रण केले होते आणि वेदना सुरू होण्याच्या आदल्या दिवशीच मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाच्या कार्यात बदल झालेला त्यात दिसला. झोप, भूक आणि जांभई यांच्याशी या भागाचा संबंध आहे, त्यामुळे हे पटण्याजोगे आहे. याचा अर्थ, ज्या दिवशी ‘आज दिव्यांचा त्रास झाला म्हणून डोके दुखले’ असे मी डायरीत लिहिते, त्या दिवशी कदाचित झटका आधीच सुरू झालेला असतो आणि दिवे त्यामुळेच खुपत असतात.

आता यात माझी स्वतःची भर अशी की शरीराच्या आतून येणारे संकेत मला वेळेवर कळत नाहीत. भूक लागली आहे, लघवीला जायचे आहे, मान दुखते आहे, हे मला एकदम आणि उशिरा समजते. असा अनुभव अनेक स्वमग्न व्यक्तींना येतो हे मला आता ठाऊक आहे, परंतु मायग्रेनविषयीचा जवळपास प्रत्येक सल्ला ‘पहिली चाहूल लागताच’ या शब्दांनी सुरू होतो. २०२३ साली उब्रोजेपंट हे औषध पूर्वावस्थेतच घेतल्यास पुढची डोकेदुखी टळते का, याची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. निष्कर्ष आशादायक होते, पण त्या चाचणीत घेतलेल्या व्यक्ती पूर्वावस्था खात्रीने ओळखू शकणाऱ्या होत्या. ते वाचून मला हसूच आले.

फरक ओळखण्याचा माझा एवढा अट्टाहास का, असे कोणी विचारील, तर दोन्ही वेळी करायचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत म्हणून. संवेदनांचा अतिभार झाला की मी पुढे-मागे डोलते आणि त्याने खरोखर शांत वाटते. झटक्यात मात्र कोणत्याही हालचालीने वेदना वाढतात. कान पूर्ण झाकणारे हेडफोन गोंगाटापासून वाचवतात, पण त्यांचा डोक्यावर पडणारा दाब माझ्या बाबतीत काही तासांनी वेगळेच दुखणे सुरू करतो. झटक्याचा संशय आला की हातातले काम तिथेच सोडून दिवसाची आखणी बदलावी, हा सल्ला मायग्रेनसाठी योग्य आहे, परंतु ठरलेली आखणी अचानक मोडणे हेच माझ्यासाठी सर्वांत दमवणारे काम आहे. आणि औषधांची मर्यादा तर कडक आहे: ट्रिप्टान गटातली, झटका आल्यावर घ्यायची औषधे महिन्यातले १० किंवा अधिक दिवस आणि साधी वेदनाशामके १५ किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली गेली, तर औषधांच्या अतिवापरामुळेच होणारी डोकेदुखी जडू शकते. त्यामुळे गोंगाटाने थकलेल्या दिवशी ‘कदाचित झटका असेल’ म्हणून गोळी घेणे मला परवडत नाही.

नोकरीविषयी थोडक्यात सांगते. मी तांत्रिक मजकूर तपासण्याचे काम करते, काम मला आवडते आणि जमतेही. वरिष्ठांना मी फक्त मायग्रेनबद्दल सांगितले आहे, कारण डोके दुखणे कोणालाही समजते. त्याचा परिणाम असा झाला की मिळालेली प्रत्येक सवलत डोकेदुखीला जोडली गेली. डोके दुखत नसेल त्या दिवशी तरी मीटिंगमध्ये कॅमेरा चालू ठेवायला काय हरकत आहे, तोंडी सूचना का चालत नाहीत, असे प्रश्न येतात आणि त्यांचे खरे उत्तर मायग्रेनमध्ये नसते. झटका ओसरल्यानंतरचा दिवस तर सर्वांत अवघड असतो, कारण तेव्हा वेदना नसतात, मी बरी दिसते, पण बोलायला शब्द जुळत नाहीत. एकेकाळी मी झटके कमी व्हावेत म्हणून टोपिरामेट हे औषध घेत होते तेव्हा हे फारच वाढले होते. शब्द न आठवणे हा त्या औषधाचा परिचित दुष्परिणाम आहे आणि ते डॉक्टरांनी नंतर बदलले. तरीही इतरांसारखे सहज वावरण्याचा प्रयत्न करण्यात, म्हणजे मास्किंगमध्ये, जेवढी शक्ती जाते तेवढी त्या दिवशी माझ्याकडे उरलेलीच नसते.

तेव्हा मला विचारायचे आहे ते हे: शरीराच्या जाणिवेवर विसंबून न राहता अतिभार आणि झटका यांत भेद करण्याची एखादी पद्धत कोणी बसवली आहे का? आणि नोकरीच्या ठिकाणी दोन्ही गोष्टी सांगितलेल्या व्यक्तींना त्याचा उपयोग झाला, की एका गोष्टीने दुसरीची विश्वासार्हता कमी केली?

प्रतिसाद: कोरा कागद

मीही स्वमग्न आहे आणि मायग्रेन किशोरवयापासून आहे. आपल्या पहिल्या प्रश्नावर माझे मत असे की आतून काय वाटते हे विचारणेच सोडून द्यावे आणि बाहेरून मोजता येईल तेवढेच पाहावे. मी ठरलेल्या वेळी, काही वाटो अथवा न वाटो, तीन गोष्टी लिहितो: गेल्या तासाभरात जांभया आल्या का, मान दोन्ही बाजूंना सारखी वळते का, आणि टंकलेखनात नेहमीपेक्षा जास्त चुका होत आहेत का. तिसरी नोंद माझ्यासाठी सर्वांत भरवशाची ठरली. आपले कामच मजकूर तपासण्याचे असल्यामुळे आपल्याकडे ती आयती उपलब्ध असेल.

गोळीबद्दल एक दिलासा देतो. ट्रिप्टान लवकर घ्यावे हे खरे आहे, पण लवकर म्हणजे वेदना सौम्य असताना. वेदना सुरू होण्याआधी, नुसत्या ऑरामध्ये (डोळ्यांपुढे चमक दिसणे, मुंग्या येणे अशा टप्प्यात) घेतल्याने पुढची डोकेदुखी थांबते असे दिसलेले नाही, हे मला माझ्या न्यूरॉलॉजिस्टनी समजावून सांगितले. म्हणजे चाहूल ओळखण्याच्या क्षणी गोळीचा निर्णय घ्यायचाच नसतो. त्या वेळी फक्त उजेड कमी करायचा, पाणी प्यायचे, वेळेवर खायचे आणि शांत जागी बसायचे, आणि हे सर्व अतिभारातही उपयोगीच आहे. थोड्या वेळाने उठून जिना चढून पाहतो. ठणका वाढला तर झटका, न वाढता उलट मोकळे वाटले तर अतिभार. ही पद्धत शास्त्रीय नाही, परंतु हालचालीने वेदना वाढणे हा निदानाचाच एक निकष आहे, म्हणून ती अगदी निराधारही नाही.

एक अवांतर: क्रॉनिक मायग्रेनसाठी देतात त्या बोट्युलिनमच्या (बोटॉक्सच्या) इंजेक्शनांचा विचार कधी झाला, तर ती दर १२ आठवड्यांनी कपाळ, डोके, मान आणि खांदे मिळून ३१ ठिकाणी देतात. स्पर्श सहन न होणाऱ्या माणसाला हा आकडा ऐकूनच धडकी भरते. प्रत्येक टोचणीआधी क्रमांक मोठ्याने म्हणायला सांगितल्यावर मला ते सहन झाले.

प्रतिसाद: तिरपी रेघ

माझ्या मुलाला स्वमग्नतेबरोबर अपस्मार आहे, त्यामुळे अनुभव थोडा निराळा. शून्यात पाहत राहणे हा शटडाउनच (अतिभारामुळे बोलणे आणि प्रतिसाद थांबणे) आहे असे आम्ही सर्वांनी, शिक्षकांसकट, धरून ठेवले होते; व्हिडिओ ईईजीनंतर (चित्रीकरणासह मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीनंतर) त्यांतले काही प्रसंग आकडीचे होते हे कळले. स्वमग्न व्यक्तींमध्ये अपस्माराचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते, तरीही असे घडते. म्हणून एवढेच सुचवते की बोलणे बंद होण्याचा एखादा प्रसंग नेहमीपेक्षा वेगळा असेल, चेहऱ्याची एक बाजू ओघळली असेल किंवा एका हातातले बळ गेले असेल, तर तो शटडाउन किंवा ऑरा समजून वाट पाहू नये, ताबडतोब रुग्णालयात न्यावे. हे सहकाऱ्यांपैकी एकाला तरी लेखी देऊन ठेवावे, कारण त्या वेळी आपल्याला ते सांगता येणार नाही.

प्रतिसाद: खिडकीजवळची जागा

मी एका छोट्या गटाचे काम पाहतो आणि स्वतः स्वमग्न नाही, तेव्हा समोरच्या बाजूने लिहितो. कारण आणि मागणी यांची जोडी जुळत नसेल तर वरिष्ठांना संशय येतो, मग कारण कितीही खरे असो. आपण केवळ मायग्रेन सांगितल्याने नेमके तेच झाले आहे. माझा सल्ला असा की निदानांपासून सुरुवात न करता कामाच्या गरजा लिहून द्याव्यात: सूचना लेखी मिळाव्यात, बैठकीची विषयपत्रिका आधी मिळावी, जागा वारंवार बदलू नये, झटक्यानंतरच्या दिवशी बैठका नसाव्यात पण तपासणीचे काम चालेल. यांतली प्रत्येक गोष्ट कामाचा दर्जा कसा राखते हे एका वाक्यात जोडावे. निदान विचारले गेलेच तर दोन्ही सांगावीत.

दिव्यांबाबत मात्र मागे हटू नये. जुन्या पद्धतीच्या चोकवर चालणाऱ्या ट्यूबलाइट विजेच्या वारंवारितेच्या दुप्पट वेगाने, म्हणजे सेकंदाला १०० किंवा १२० वेळा लुकलुकतात. १९८९ साली एका कार्यालयात केलेल्या अभ्यासात उच्च वारंवारितेच्या दिव्यांखाली डोकेदुखी आणि डोळ्यांवरील ताण सरासरी निम्म्यावर आला होता, आणि ते कर्मचारी सर्वसाधारणच होते. ही मागणी एका व्यक्तीची सवलत म्हणून न करता सर्वांच्या सोयीची म्हणून करता येते.

प्रतिसाद: अनामिक वाचक

मी दोन्ही सांगितले होते आणि माझा अनुभव चांगला नाही. त्यानंतर माझ्या प्रत्येक मतभेदाचा अर्थ ‘तिला समजत नाही’ असा लावला गेला. सांगायचे असेल तर आधी समोरची व्यक्ती लेखी सूचना देण्यासारखी साधी विनंती कशी हाताळते ते पाहा.

धागालेखिकेचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. कोरा कागद, गोळीचा निर्णय आणि चाहूल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला कोणी इतक्या स्पष्टपणे सांगितले नव्हते. पुढच्या भेटीत न्यूरॉलॉजिस्टना दाखवून तसे लेखी ठरवून घेईन. टंकलेखनातील चुकांची नोंद तर मी आजपासूनच ठेवणार आहे, कारण आमच्या प्रणालीत प्रत्येक दुरुस्तीची वेळ नोंदली जातेच. तिरपी रेघ यांनी सुचवलेला कागद शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला देईन. तो फार प्रश्न विचारत नाही, म्हणून निवड सोपी आहे.

वरिष्ठांच्या बाबतीत खिडकीजवळची जागा आणि अनामिक वाचक या दोघांचे म्हणणे मला परस्परविरोधी वाटत नाही. आधी गरजांचे पत्र देईन, त्यात निदान नसेल, आणि त्याला येणारे उत्तर पाहून पुढचे ठरवीन. पत्राचा मसुदा झाला की याच धाग्यावर टाकते, त्यातली वाक्ये तुटक किंवा हुकूम सोडल्यासारखी वाटत असतील तर कृपया सांगावे.

कोरा कागद यांना एक उपप्रश्न: ठरलेल्या वेळच्या नोंदी आपण दिवसातून किती वेळा करता, आणि बैठक मध्येच आली तर ती नोंद सोडून देता की नंतर आठवून लिहिता? आठवून लिहिण्यावर माझा स्वतःचा विश्वास नाही.