मदत हवी आहे: ग्लास नायलॉनमुळे चेक रिंग झिजतेय, कोणतं कोटिंग करावं?

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं प्लॅस्टिक इंजेक्शन मोल्डिंग युनिट आहे. आधी सगळं काम पीपी-एबीएससारख्या साध्या प्लॅस्टिकचं, त्यामुळे स्क्रू-बॅरलकडे कुणी ढुंकूनही बघायचं नाही. आता चाकणच्या एका पार्टीचे नायलॉन ६६ चे जॉब चालू झालेत, ३० टक्के ग्लासचे (काचतंतू मिसळलेले), आणि स्क्रूच्या टोकाचा सेट, म्हणजे वितळलेला माल मागे येऊ न देणारी चेक रिंग आणि तिची सीट, झपाट्याने झिजतोय. चेक रिंगवर उभे चरे पडलेत, सीटची कड गोल झालीय, नख फिरवलं तरी कळतं. होल्डिंगला (साचा भरल्यावर दाब धरताना) कुशन, म्हणजे स्क्रूपुढे उरणारा थोडा माल, टिकत नाही. स्क्रू सरकत सरकत शून्यावर येतो. मग शॉर्ट शॉट (अर्धवट भरलेला पार्ट), नाहीतर सिंक मार्क (पृष्ठभागावर खळगा).

स्क्रू नायट्रायडिंगचा (पोलादाच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून कडक केलेला) आहे. त्याचा कडक थर असून असून अर्धा मिलिमीटर, तो गेला की झीज आवरत नाही.

एक जण म्हणतो हार्ड क्रोम कर. दुसरा सोनेरी टायटॅनियम नायट्राइड सुचवतो: विकर्स मापात २००० च्या वर कडकपणा, पण जाडी २ ते ४ मायक्रॉन. रंग बघून पार्टी खूश होईल हो, पण खालचं पोलादच दबलं तर तो पापुद्रा तडकणार नाही का? टंगस्टन कार्बाइड फवारून घेणं मला जास्त पटतंय, थर तरी जाड बसतो. चेक रिंगवर कुणी वापरलंय का?

दुसरं, मोल्डच्या कोअर पिना (पार्टमध्ये भोक पाडणाऱ्या) डी२ टूल स्टीलच्या आहेत, २०० डिग्रीच्या आसपास टेंपर केलेल्या. टायटॅनियम नायट्राइडची भट्टी बहुतेक ४०० ते ५०० डिग्रीला चालते. म्हणजे पिना मऊ पडणार आणि मापही हलणार. कमी तापमानात होणारं डीएलसी (हिऱ्यासारख्या कार्बनचं कोटिंग) चालेल का? पुण्यात चार-सहा पिनांचं काम कुणी घेतं का?

प्रतिसाद
दादा, कोटिंगचं नंतर बघा, आधी बॅरलचं बोअर मोजा, तेही रिंग जिथे फिरते तिथेच. बोअर वाढलं असेल तर नवी रिंगसुद्धा गळणारच. शिवाय कार्बाइडची रिंग नायट्रायडेड बॅरलला खाईल. ग्लास कायम चालवायचा असेल तर बायमेटॅलिक बॅरलचा (आतून झीजरोधक मिश्रधातूचं अस्तर असलेल्या) हिशोब करून ठेवा. फीडकडच्या झोनचं तापमानही थोडं वाढवून बघा. दाणा कच्चा पुढे गेला की फ्लाइट (स्क्रूचे आटे) जास्त घासतात.

पिनांना डीएलसी चालेल, फक्त भट्टी किती डिग्रीला चालवणार ते कोटिंगवाल्याकडून लिहून घ्या. जुन्या पिना असतील तर आधी पॉलिश करा, चरे कोटिंगखाली झाकले जात नाहीत.

धागाकर्ता
धन्यवाद! बोअर गेज शेजारच्या टूल रूममधून आणतो. फीड झोन २६० ला आहे, तो किती वर न्यावा? मटेरियल ड्रायरमधून येतं, ओलाव्याचा प्रश्न नाही.