पिग्मी सुटणार आहे, पुढं कशात घालू?

उद्यमबागचा_ऑपरेटर

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सीएनसीवर आहे, वय २४. घरात देऊन आणि गाडीचा हप्ता जाऊन महिन्याला सहा-सात हजार मागं राहतात. आजपर्यंत सगळं पिग्मीत, म्हणजे रोज थोडं थोडं भरायच्या ठेवीत घातलं. एजंट रोज संध्याकाळी गल्लीत येतो, त्यामुळं न कळत साठलं. पुढच्या महिन्यात ९० हजार सुटतील.

आमच्या शिफ्टची पोरं ऑप्शन करत्यात. जेवायच्या सुट्टीत डबा नंतर, मोबाइल आधी उघडतात. आई म्हणते शहापुरात जाऊन सोनं घेऊन ठेव. मामा एलआयसीचा एजंट, त्याचं वेगळंच चाललंय. शेअर, म्युच्युअल फंड, ईटीएफ, बाँड, एफ अँड ओ, कमोडिटी ही नावं ऐकून आहे, खरं कशात काय असतं आणि नवख्यानं कुठं हात घालू नये, ते कुणीतरी सरळ सांगा की. दोन-तीन वर्षांत माझं लग्न करायचं घरात चाललंय. पोरगी अजून बघितलेली नाही.

टिळकवाडी_ट्रेडर

डिमॅट (शेअर ठेवायचं खातं) काढ आणि निफ्टीचे ऑप्शन शिकून घे. एफडीत पैसे कुजतात. दोन हजारातपण सुरुवात होते.

शहापूरचे_हिशेबनीस

बाळा, वरच्यांनी दोन हजार म्हटलंय ते खरं आहे. ऑप्शन घ्यायला तेवढे पुरतात. आणि ते जायला एक दुपार पुरते.

मी एका फाउंड्रीत हिशेब लिहीत निवृत्त झालो. कुठलाही कागद समोर आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा : हे पैसे परत द्यायला बांधील कोण? व्याज किती, ते नंतर. तू लिहिलेली सगळी नावं याच प्रश्नावर लावून बघ.

आधी तुझी पिग्मी. ती बँकेची आहे की सोसायटीची? पासबुकावरचं पूर्ण नाव वाच. बँक असेल, अगदी सहकारी बँकसुद्धा, तर ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे : एका बँकेत एका माणसाला मुद्दल-व्याज धरून ५ लाखांपर्यंत, फेब्रुवारी २०२० पासून. क्रेडिट सोसायटी किंवा सौहार्द सहकारी संस्था (आपल्या कर्नाटकातली पतसंस्थाच) असेल तर हा विमा नाही. तिथं तुझे पैसे संचालकांनी कर्ज कुणाला दिलं त्यावर अवलंबून. सगळ्या सोसायट्या वाईट असं मी म्हणत नाही, चांगल्या चाललेल्याही पुष्कळ आहेत. पण टक्का-दीड टक्का जास्त व्याज मिळतं ते या जोखमीचं, एवढं कळून ठेवावं.

सरकारी रोखे आणि ट्रेझरी बिलं यात बांधील केंद्र सरकार. पूर्वी हे बहुतेक बँकांचंच काम होतं. नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’ या संकेतस्थळावर तुझ्यासारख्यालाही खातं काढता येतं, तेही फुकट. ट्रेझरी बिलं ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची, किमान १० हजारांची. व्याज वेगळं मिळत नाही. बिल दर्शनी किमतीपेक्षा कमीत मिळतं आणि मुदतीला पूर्ण रक्कम खात्यावर येते. आपल्याकडं याच्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण यात कुणाला कमिशन नाही.

कंपनीच्या बाँडमध्ये बांधील ती कंपनी. मानांकन (कंपनी पैसे फेडेल का, याचा दर्जा) बघितल्याशिवाय आणि नुसत्या व्याजाच्या आकड्यावर घेऊ नये.

शेअरमध्ये बांधील कुणीच नाही! तू मालक झालास, कंपनी कमावेल तर तुझं, बुडेल तर तुझंच. म्हणून एका कंपनीवर सगळा भार नको. निफ्टी इंडेक्स फंड हा म्युच्युअल फंडच; तो घेतलास की निफ्टी निर्देशांकातल्या ५० कंपन्यांत थोडे थोडे पैसे जातात, त्याला डिमॅटसुद्धा लागत नाही. ईटीएफ जवळपास तेच, फक्त ते बाजारात शेअरसारखं घ्यायचं-विकायचं, म्हणून डिमॅट हवं, आणि ज्याची रोजची उलाढाल बरी आहे तेच घ्यावं. फंड घेताना ‘डायरेक्ट’ प्लॅन घे. ‘रेग्युलर’मध्ये वाटप करणाऱ्याचं कमिशन दरवर्षी तुझ्या पैशातून जातं. हे लहान वाटतं, वीस वर्षांत लहान राहत नाही.

आता ऑप्शन. प्रीमियम भरून ठरावीक भावानं घ्यायचा किंवा विकायचा, ठरावीक तारखेपर्यंतचा हक्क घ्यायचा. बाजार तुझ्या बाजूला हलला नाही, नुसता जागच्या जागी राहिला, तरी प्रीमियम रोज उन्हातल्या बर्फासारखा विरघळतो. ऑप्शन विकणाऱ्याला प्रीमियम हातात येतो, पण बाजार उलटला तर नुकसानीला हद्द नाही. शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांचा हिशेब मांडला, २०२१-२२ ते २०२३-२४ चा. एफ अँड ओ, म्हणजे वायदे आणि ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. तुमच्या शिफ्टमध्ये कुणी फायदा दाखवत असेल तर त्याला वर्षभराचं विवरण मागून बघ, एका दिवसाचा स्क्रीनशॉट नको. शिवाय आयकराच्या लेखी हा धंदा. पगारदाराचं साधं विवरणपत्र चालत नाही, आयटीआर-३ भरावं लागतं, आणि हे त्या पोरांना बहुतेक माहीतही नसतं.

लग्नाचे पैसे शेअरच्या जवळपास नेऊ नकोस. बाजार पडला म्हणून मुहूर्त पुढं ढकलता येत नाही. ते ९० हजार चांगल्या बँकेच्या एफडीत किंवा ३६४ दिवसांच्या बिलात. महिन्याच्या बचतीतले दोन हजार इंडेक्स फंडात एसआयपीनं (दर महिन्याला ठरलेली रक्कम आपोआप जाते), बाकी बँकेच्या आरडीत.

निपाणीकर_शेतकरी

हिशेबनीसकाका, कमोडिटीचं राहिलं बघा. आमच्या भागात तंबाखूच्या जोडीनं सोयाबीन. मागं आमच्यातली चार पोरं सोयाबीनचे वायदे करत होती, भाव आम्हालाच कळतो म्हणून. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीनं सोयाबीन, हरभरा, मोहरी असे सात मालांचे वायदे थांबवले, बसली गप. शेतातला माल कळणं वेगळं, वायदा कळणं वेगळं. वायदा म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आज ठरवायचा करार, मुळात ज्याच्याकडं माल आहे त्यानं भाव बांधून घेण्यासाठी. पगारदाराचं तिथं काय काम?

खानापूरची_अक्का

आईचं ऐकू नको असं मी म्हणणार नाही, लग्नाला सोनं लागणारच आहे. खरं तेवढंच घे. दागिन्याची मजुरी मोडताना परत येत नाही. गुंतवणूक म्हणून हवं असेल तर गोल्ड ईटीएफ. सरकारी सुवर्ण रोखे चांगले होते, वर २.५ टक्के व्याज मिळायचं, पण फेब्रुवारी २०२४ नंतर नवे निघाले नाहीत; जुने रोखे शेअर बाजारात विकत मिळतात. ॲपवरच्या ‘डिजिटल गोल्ड’पासून लांब. ते आपल्या कक्षेत येत नाही, असं सेबीनंच सांगितलंय.

आणि पोस्टाची आरडी घेणार असशील तर मुदत पाच वर्षांची, तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही. तुझ्या लग्नाला ती अडचणीची. बँकेच्या आरडीत मुदत आपण ठरवतो. पीपीएफ (सरकारी भविष्य निर्वाह निधीचं खातं) मात्र आत्ताच उघड, १५ वर्षांचं आहे, वर्षाला ५०० भरले तरी खातं चालू राहतं. मामाला नुसता टर्म इन्शुरन्सचा, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणाऱ्या साध्या विम्याचा हप्ता विचार. दुसऱ्याच पॉलिसीचा कागद पुढं केला तर काय ते समज.

उद्यमबागचा_ऑपरेटर

पासबुक बघितलं ओ. ‘सौहार्द’च आहे. मुदतीला पूर्ण काढून बँकेत टाकतो. फंडाची केवायसी (ओळख पडताळणी) करायला बसलो तर अडकली. पॅनवर मधे वडिलांचं नाव आहे, आधारवर नाही, आणि आधारवर आडनावाचं इंग्रजी स्पेलिंगपण कानडीवरून केलेलं दिसतंय.

शहापूरचे_हिशेबनीस

आपल्या भागात हे नेहमीचं. दोन्हीकडं एकच नाव करून घे. तुझ्या दहावीच्या मार्कलिस्टवर जसं आहे तसं धर आणि आधार केंद्रात आधी दुरुस्त कर, मग पॅनचं. बँक खात्यावरही तेच नाव हवं, नाहीतर पुढं एसआयपीचा मँडेट (खात्यातून पैसे कापायची परवानगी) परत येईल. आणि नॉमिनी आत्ताच आईला कर. लग्न झाल्यावर बदलता येतो.