मदत हवी आहे: वर्कशॉपच्या पीसीला विंडोज, लिनक्स की मॅक? सुरक्षित कुठलं?

उद्यमनगर_टर्नर:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं मशीन शॉप आहे, फौंड्र्यांचं जॉबवर्क करतो. ऑफिसात दोन पीसी, दोन्ही विंडोज १०, सहाव्या पिढीचा आय-५. एकावर टॅली, जीएसटी आणि बँक. दुसऱ्यावर मेल, कोटेशन, पार्टीनं पाठवलेली ड्रॉइंग बघणं. शिवाय आत व्हीएमसीशेजारी (प्रोग्रामवर चालणारं मिलिंग मशीन) एक जुना विंडोज ७ आहे, सिरियल केबलनं मशीनला प्रोग्राम सोडायला.

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते, म्हणजे आमचे दोन्ही पीसी बाद. त्यात मागच्या गल्लीतल्या एका शॉपची सगळी ड्रॉइंग आणि हिशेब रॅन्समवेअरनं (खंडणीसाठी फायली अडकवणारा व्हायरस) लॉक करून टाकले. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो, "काका, लिनक्स टाका, त्याला व्हायरसच येत नाही." सीए म्हणतात मॅक घ्या. कॉम्प्युटरवाला म्हणतो सगळे नवे घ्या, आणि तो दुसरं काय म्हणणार!

मला एवढंच कळून घ्यायचंय: लिनक्स किंवा मॅक बनावटीतच मजबूत आहे, की वापरणारे कमी म्हणून चोर तिकडं फिरकत नाहीत? आणि पैसे घालायचे तर कुठं?

पंचगंगा_रूट:
दोन्ही खरं आहे. डेस्कटॉपवर विंडोजच जास्त, म्हणून व्हायरस लिहिणाराही त्याच्यासाठीच लिहितो. पण बनावटीतही फरक आहे. विंडोज बसवताना पहिलं खातं ॲडमिनचं होतं आणि बहुतेक जण जन्मभर त्याच खात्यावर काम करतात. 'यस' दाबलं की सेटअप आत. लिनक्समध्ये सिस्टीमला हात लावायचा तर पासवर्ड द्यावा लागतो, आणि सॉफ्टवेअर शक्यतो ज्या जातीचं लिनक्स घेतलं तिच्या स्वतःच्या ऑनलाइन भांडारातून, डिजिटल सही तपासून येतं. कुठल्यातरी साइटवरून क्रॅक (चोरीचं सॉफ्टवेअर) उतरवायची सवयच लागत नाही.

आता पुतण्याला एक विचारा. शॉपवर सीसीटीव्ही आहे ना? त्याच्या डीव्हीआरमध्ये (रेकॉर्डिंगचा डबा) बहुधा लिनक्सच असतं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरनं असलेच कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर लाखांनी ताब्यात घेतले. कसे? कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता. "लिनक्सला व्हायरस येत नाही" हे तिथंच संपतं. आज घरी जायच्या आधी डीव्हीआरचा पासवर्ड बदला.

हिशेबनीस_शाहूपुरी:
मॅकबद्दल सांगतो, मी वापरतो. सिस्टीमच्या फायलींना कुलूप, अनोळखी ॲपला अडवणं हे सगळं चांगलं आहे. पण २०१२ मध्ये फ्लॅशबॅकनं सहा लाखांच्या आसपास मॅक धरले होते, जावातल्या भोकातून. ओरॅकलनं ते भोक आधीच बुजवलं होतं, ॲपलचा अपडेट उशिरा आला. आणि तुमच्यासाठी मुख्य अडचण वेगळीच: टॅली मॅकवर थेट चालत नाही, लिनक्सवरही नाही. आत पुन्हा विंडोज बसवायचं तर मॅकचे पैसे कशाला? सीएसाहेबांना हात जोडा.

उद्यमनगर_टर्नर:
म्हणजे टॅलीसाठी विंडोज सुटत नाही. मग दुसऱ्या पीसीवर लिनक्स टाकला तर निदान रॅन्समवेअरची भीती गेली?

सर्व्हररूम_कळंबा:
नाही गेली, दादा. इथं सगळे फसतात. ॲडमिन हक्क सिस्टीम बिघडवायला लागतात. तुमची ड्रॉइंग तुमच्याच खात्यातली, ती लॉक करायला तुमच्या खात्याचा हक्क पुरतो, मग विंडोज असो की लिनक्स. लिनक्सवर धोका कमी आहे, शून्य नाही.

वॉनाक्राय हा रॅन्समवेअर आठवतो का? मे २०१७. ज्या भोकातून तो शिरला त्याचा अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी टाकला नाही ते गेले, आणि त्यात विंडोज ७ वालेच सगळ्यात जास्त. म्हणून माझ्या लेखी क्रम असा: आधी अपडेट चालू असलेली सिस्टीम, मग बॅकअप, मग कंपनी कुठली ते.

टॅलीसाठी एकच नवा विंडोज ११ पीसी घ्या. रोजच्या कामाला साधं खातं, ॲडमिन वेगळं. विंडोजच्याच डिफेंडर अँटीव्हायरसमध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' (अनोळखी प्रोग्रामला फोल्डरमध्ये बदल करू न देणं) मुळात बंद असतं, ते चालू करा, टॅलीच्या डेटाचा फोल्डर त्यात घाला आणि टॅलीला परवानगी द्या. बॅकअपची हार्ड डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात. लावून ठेवलेली डिस्कही लॉक होते. मेल-कोटेशनच्या पीसीवर लिनक्स मिंट २२ टाका, २०२९ पर्यंत अपडेट आहेत आणि तुमच्या आय-५ वर मजेत पळेल. फक्त पार्टीची डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या फायली) ड्रॉइंग उघडतात का ते आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघा, काहीही न पुसता.

विंडोज ७ ची गोष्ट गंभीर आहे. २०२० च्या जानेवारीत त्याचा सपोर्ट संपला. लॅन काढा, वायफाय काढा. प्रोग्रामसाठी एकच पेन ड्राइव्ह, बाहेर कुठं लावायचा नाही, ऑटोरन (लावताच आपोआप सुरू होणं) बंद. डिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, आजच काढून ठेवा, कारण ती डिस्क बिघडली तर व्हीएमसी बंद पडून राहील.

पंचगंगा_रूट:
हे बरोबर. नवा पीसी येईपर्यंत टॅलीच्या विंडोज १० ला वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतील. वैयक्तिक वापराच्या योजनेची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ आहे, धंद्याच्या मशीनला वेगळी पैसे भरून घ्यायची योजना आहे.

उद्यमनगर_टर्नर:
लई आभार. डीव्हीआरचा पासवर्ड खरंच एक ते सहा आकडेच होता, बदलला. शेवटचा प्रश्न: मेलच्या पीसीवर विंडोज न पुसता शेजारी मिंट टाकला तर जुनी डी ड्राइव्ह तिकडून दिसेल का?

सर्व्हररूम_कळंबा:
दिसेल. आधी विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, नाहीतर ड्राइव्ह फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही. आणि ते विंडोज नेटला जोडून वापरू नका.