परदेशी गेलेल्या जुन्या रुग्णाला व्हॉट्सअ‍ॅपवरून औषध बदलून द्यावे का?

प्रश्न (फिजिशियन, नाशिक)
मधुमेह आणि रक्तदाबासाठी अकरा वर्षे माझ्याकडे येणाऱ्या एक आजी सहा महिन्यांसाठी मुलाकडे न्यू जर्सीला गेल्या आहेत. पोहोचल्यावर चौथ्या दिवशी मुलाने त्यांच्या पायांचा फोटो पाठवला. मोजा काढल्यावर घोट्यावर रुतलेला वळ त्यात स्पष्ट दिसतो. "अ‍ॅम्लोडिपिनऐवजी दुसरी गोळी सांगा, आईचा तुमच्यावरच विश्वास आहे," असे तो म्हणतो. रक्तदाबाच्या या औषधाने पाय सुजतात हे मला ठाऊक आहे. मी भारतात नोंदणीकृत आहे, रुग्ण माझाच आहे आणि मी फीही घेणार नाही; मग कायद्याची अडचण नेमकी कोणती?

उत्तर (वकील, पुणे)
डॉक्टरसाहेब, अमेरिकेत वैद्यकीय परवाना प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते आणि रुग्ण जिथे बसला आहे तिथेच उपचार झाले असे सर्वसाधारणपणे मानले जाते, त्यामुळे आपली नोंदणी तिथे उपयोगाची नाही. आपल्याकडील 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन (दूरवैद्यकीय सेवा) मार्गदर्शक सूचनांनी भारताबाहेरील सल्लामसलत स्पष्टपणे वगळली असल्याने त्यांचा आधारही घेता येणार नाही. युरोपीय संघाच्या 2011 च्या निर्देशात मात्र दूरवैद्यकीय सेवा डॉक्टरच्या देशात दिली गेली असे धरतात. पण ती सोय सदस्य देशांपुरतीच आहे. फी न घेतल्याने जबाबदारी टळत नाही. आपल्या इन्डेम्निटी पॉलिसीत (डॉक्टरांवरील भरपाईच्या दाव्यांसाठीच्या विम्यात) भारताबाहेरील दावे धरले आहेत का, हेही आजच पाहा.

रत्नागिरीचे प्रकरण आपल्याला आठवत असेल. सिझेरियननंतर परत दाखल झालेल्या महिलेवर डॉक्टर हजर नसताना फोनवरून उपचार झाले, ती दगावली आणि 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. ते या सूचनांच्या आधीचे आहे, तरीही मला ते इथे महत्त्वाचे वाटते.

उत्तर (मराठी डॉक्टर, न्यू जर्सी)
कायदा क्षणभर बाजूला ठेवा. सूज दोन्ही पायांना आहे की एकाच? अ‍ॅम्लोडिपिनची सूज बहुधा दोन्हीकडे येते. इतक्या लांबच्या विमानप्रवासानंतर एकच पोटरी सुजली, तर शिरेत गुठळी असण्याची शक्यता धरून त्याच दिवशी सोनोग्राफी व्हायला हवी, आणि पोटरी हाताने दाबून पाहणे फोटोवरून जमत नाही. इथल्या खर्चाच्या धास्तीने मुले आधी गावाकडच्या डॉक्टरांना फोन करतात हे मी नेहमी पाहतो. त्यांना दोष देववत नाही, पण त्यात वेळ जातो. आपण इथल्या डॉक्टरांना माहिती जरूर द्या. औषधाचा निर्णय त्यांना घेऊ द्या.

प्रश्नकर्ता
मुलाला शिंप्याच्या टेपने दोन्ही पोटऱ्या मोजायला सांगितल्या. डावी चार सेंटिमीटरने जास्त भरली. गोळीबद्दल काहीही न सांगता त्यांना ताबडतोब इमर्जन्सीत जायला सांगितले आणि सोबत एक पानी सारांश पाठवला: आजार, शेवटचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), आणि ब्रँडऐवजी औषधांची मूळ नावे व मात्रा, कारण आपले ब्रँड तिथे कोणी ओळखणार नाही. तिथल्या डॉक्टरांचा फोन आला तर बोलण्यासाठी रात्री जागा राहणार आहे.

वकील, पुणे
हा सारांश आणि संदेशांची वेळ आपल्या नोंदीतही जपून ठेवा.