पुरणपोळीनंतरचा दुसरा दिवस

सणाला दोन पुरणपोळ्या खाल्ल्याचे अपराधी वाटले, म्हणून दुसऱ्या दिवशी कडकडीत उपास केला आणि रात्री फरसाणाचा डबा संपवला, या आपल्या अनुभवात मला संयमाचा अभाव दिसत नाही. हर्मन आणि मॅक या मानसशास्त्राच्या संशोधकांच्या १९७५ सालच्या प्रयोगात, एरवी खाण्यावर बंधने घालणाऱ्यांना आधी मिल्कशेक दिल्यावर त्यांनी नंतर आइस्क्रीम कमी नव्हे, तर अधिक खाल्ले. नियम मोडलाच आहे, मग आता कशाला आवरायचे, अशी मनाची धाव तिथे असते. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, त्यामुळे दोन पोळ्यांनी किलोभर चरबी वाढणे शक्यच नाही. सकाळी काट्यावर वाढलेला आकडा बहुतांशी पाण्याचा असतो, कारण शरीरात साखरेचा साठा ज्या रूपात होतो, त्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर शरीर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवते (हे ठाऊक नसल्याने कितीतरी जण नाहक खचतात, याचे मला फार वाईट वाटते). दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी भाकरी, उसळ, ताक असे साधे जेवण घ्यावे. फरसाण खावेसे वाटलेच, तर वाटीत काढून, डबा पुन्हा फडताळात ठेवून, बसून खावे. असे प्रसंग वारंवार येत असतील, तर मात्र आहाराबरोबरच मनाचाही विचार करणाऱ्या तज्ज्ञांना अवश्य भेटावे.