शब्दचर्चा : ‘स्वगत’ नेमकं कुणाला ऐकू जातं?

तिसरी घंटा
आमचा छोटा गट सध्या शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ आणि ‘हॅम्लेट’मधले काही प्रवेश मराठीत वाचून, उभे करून पाहतोय. संहितेत जागोजागी कंसात (स्वगत) आहे आणि भांडण त्यावरूनच लागलं. इंग्रजीत शब्द दोन आहेत. पात्र एकटं उरून बोलतं ती सॉलिलक्वी. चारचौघांत उभं राहून, बाकीच्यांना ऐकू न जाता बोलतं ते असाइड. मराठीत दोन्हींना स्वगतच म्हणायचं का? एकीचं म्हणणं, असाइडला ‘जनांतिक’ म्हणावं. हा नुसता शब्दाचा कीस नाही हो, नटाने तोंड कुठे करायचं ते यावर ठरतंय.

पोथीपंडित
सरसकट जनांतिक नको. धनंजयाच्या ‘दशरूपक’ या संस्कृत नाट्यशास्त्रावरच्या ग्रंथात (दहावं शतक, माळव्याच्या मुंज राजाचा काळ) याची वाटणी आहे आणि तिचा पायाच वेगळा आहे. बोलणारा एकटा आहे का, किती वेळ बोलतो, हे तिथे कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, की हे बोलणं रंगावरच्या कुणाला ऐकू जातं? सगळ्यांना जातं ते सर्वश्राव्य, म्हणजे ‘प्रकाश’. कुणालाच जात नाही ते अश्राव्य, म्हणजे ‘स्वगत’. ठरावीक पात्रांनाच जातं ते नियतश्राव्य, आणि जनांतिक व अपवारित हे त्याचे दोन प्रकार. जनांतिकात त्रिपताक हात (अनामिका वाकवलेली, बाकी बोटं सरळ) आड धरून दोघं आपापसांत बोलतात. अपवारितात तोंड फिरवून दुसऱ्याला गुपित सांगतात. दोन्हींत ऐकणारं दुसरं पात्र लागतंच. असाइडमध्ये ते बहुधा नसतं, तेव्हा ‘स्वगत’ चुकीचं नाही.

जुन्या छापील मराठी नाटकांत (स्वगत) झालं की पुढे (उघड) येतं, ते ‘उघड’ म्हणजे हेच ‘प्रकाश’.

साशंक
अश्राव्य काय, पाचशे लोक तिकीट काढून ऐकतात की! आणि आंतरजालावर तर जो तो (स्वगत : आता याला काय सांगावं) असं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लिहितो.

पोथीपंडित
तेच तर मर्म आहे. अश्राव्य ते पात्रांना, प्रेक्षकांना नाही. तुमचा आंतरजालावरचा विनोदही त्यावरच चालतो. ज्याला टोमणा मारलाय त्याला ‘ऐकू गेलेलं नाही’ असं सगळ्यांनी, त्याच्यासकट, मानायचं असतं.

विंगेतला
पंडितांची वाटणी तालमीत फार उपयोगी पडते, म्हणून थोडं लांबण लावतो. ‘मॅकबेथ’ अंक 1, प्रवेश 3 घ्या. चेटकिणी गायब झाल्यात. रॉस आणि अँगस निरोप घेऊन येतात, की राजाने तुला कॉडॉरचा सरदार केलंय. चेटकिणींच्या भाकितांपैकी (मॅकबेथ कॉडॉरचा सरदार होईल, पुढे राजा होईल; बँकोची पोरं राजे होतील) एक तिथल्या तिथे खरं ठरलं. यापुढच्या थोड्याशा ओळींत मॅकबेथ तिन्ही तऱ्हांनी बोलतो. ‘सगळ्यात मोठं अजून यायचंय’ असं मनाशी म्हणतो, ते स्वगत. लगेच रॉस-अँगसचे आभार मानतो, ते उघड. मग बरोबरच्या बँको या सरदाराकडे वळून विचारतो, ‘तुझी पोरं राजे होतील असं नाही वाटत तुला?’ हे त्या दोघांना ऐकू जाऊन कसं चालेल? गादीवर राजा डंकन जिवंत बसलाय. म्हणजे इथे खरंखुरं जनांतिक आहे. पुढे पुन्हा स्वगत, मध्येच ‘आभारी आहे, मंडळी’, आणि परत स्वगत. त्याच्या डोक्यात खुनाचं चित्र पहिल्यांदा उभं राहतं ते या शेवटच्या तुकड्यात.

आता गंमत बघा. हे चालू असताना बँको त्या दोघांना म्हणतो, ‘पाहा, आपला सोबती कसा हरवलाय.’ म्हणजे मॅकबेथचं स्वगत ऐकू जात नाही, पण दिसतं! नट जर झोकात पुढे येऊन, प्रेक्षकांच्या डोळ्यांत डोळे घालून सगळं बोलला, तर बँकोचं वाक्य वाया जातं. तिथे हरवलेला माणूस दिसायला हवा. कटात सामील करून घेणारा नको. माझं मत स्पष्ट आहे: या जागी नटाने पाऊलभरसुद्धा हलू नये. खलनायक इयागोचं वेगळं. तो ‘ऑथेल्लो’च्या पहिल्या अंकाच्या शेवटी एकटा उरतो आणि आपला बेत प्रेक्षकांपुढे मांडतो. त्याने खुशाल पुढे यावं. दोन्हींना स्वगतच म्हणतात, पण एकात अंगावर इतरांची नजर आहे, दुसऱ्यात नाही.

तिसरी घंटा
पण मूळ संहितेत तर कुठे स्वगत, कुठे उघड, हे लिहून दिलंच असेल ना?

विंगेतला
फारसं नाही. ‘मॅकबेथ’चा जुना आधार एकच, 1623 सालचा पहिला फोलिओ (शेक्सपिअरच्या नाटकांचा छापील संग्रह), आणि त्यात अशा सूचना तुरळक आहेत. आज छापलेली बरीचशी ‘असाइड’ पुढच्या संपादकांनी घातलेली आहेत. त्यामुळे कंस बदलायची भीती बाळगू नका.

साशंक
मग हॅम्लेटच्या ‘टु बी ऑर नॉट टु बी’चं काय? सगळ्या जगाचं लाडकं स्वगत. तिथे तर तो एकटाच असतो.

विंगेतला
एकटा? अंक 3, प्रवेश 1 पुन्हा वाचा. हॅम्लेटचा काका, राजा क्लॉडियस, आणि त्याचा मंत्री पोलोनियस लपलेले आहेत. पोलोनियसची मुलगी ऑफिलिया हिच्या हातात प्रार्थनेचं पुस्तक देऊन तिला मुद्दाम तिथे फिरत ठेवलंय. दुसऱ्या अंकाच्या शेवटी, नट मंडळी निघून गेल्यावर, हॅम्लेट ‘आता मी एकटा आहे’ असं तोंडाने म्हणतो आणि मग स्वतःवर शिव्यांचा पट्टा सोडतो. त्या भाषणात ‘मी, मी’ भरलेलं आहे. ‘टु बी’मध्ये ‘मी एकटा’ तर नाहीच, मुळात ‘मी’ हा शब्दच नाही. सगळं ‘आपण’, ‘कोण सोसेल’ असं. बापाचा खून नाही, काका नाही, आई नाही. आपल्याला कुणी ऐकतंय असा संशय असलेला माणूस असंच बोलेल, नाही का?

तो संशय होता, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तसं उभं करून पाहा. एकदा ऑफिलिया दूर पाठमोरी ठेवा, एकदा ऐकण्याच्या अंतरावर. तीच वाक्यं, पण दुसऱ्या वेळी ती वाद घातल्यासारखी कोरडी होतात, आणि ऑफिलियाला हे कळतंय की नाही हा नवाच ताण येतो. आपल्याकडे ‘नटसम्राट’ (1970) कानात बसलेलं असल्यामुळे ‘जगावं की मरावं’ म्हटलं की नटाचा गळा आपसूक दाटून येतो. बेलवलकरांना ते शोभतं, त्यांचं दुःख घरचं आहे. हॅम्लेटच्या या ओळींत ते ओतू नका.

पोथीपंडित
चित्रपटात हा पेच वेगळ्याच वाटेने सुटतो. ऑलिव्हिएच्या 1948 च्या ‘हॅम्लेट’मध्ये या भाषणाचा काही भाग ओठ मिटलेले असताना नुसता आवाजाने येतो. धनंजयाला अभिप्रेत अश्राव्य ते हेच म्हणायचं!

तिसरी घंटा
मला खरं विचारायचंय ते लेडी मॅकबेथबद्दल. पाचव्या अंकातला झोपेत चालण्याचा प्रवेश. आमच्या संहितेत तिच्या प्रत्येक वाक्याआधी (स्वगत) घातलंय.

विंगेतला
खोडून टाका. वैद्य आणि दासी तिथेच उभे आहेत, वैद्य तर तिचं बोलणं टिपून घेतोय. दासीने आधी ऐकलेलं सांगायला नकार दिलाय, का? तर साक्षीला दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे हा सगळा प्रवेशच ‘ऐकलं कुणी’ यावर उभा आहे.

पोथीपंडित
‘आकाशभाषित’ म्हणता येईल. समोर नसलेल्या माणसाशी बोलायचं, ‘काय म्हणतोस?’ असं विचारून त्याचं उत्तरही आपणच द्यायचं. भाण नावाचा एकपात्री संस्कृत नाट्यप्रकार त्यावरच चालतो.

विंगेतला
जवळ जाताय, पण पुरतं लागू होत नाही. आकाशभाषितात नट आणि प्रेक्षक मिळून मानतात की पलीकडे कुणीतरी आहे. इथे फक्त तीच मानते. दुसऱ्या अंकात डंकनचा खून झाल्या झाल्या नवरा-बायको अंधारात तुटक कुजबुजतात: ‘बोललास का तू?’ ‘केव्हा?’ ‘आत्ता.’ ‘उतरताना?’ ते दोघांचं जनांतिक होतं. पाचव्या अंकात त्याच जनांतिकाची एक बाजू उरलीय. नवरा मोहिमेवर, आणि ही त्याला सांगतेय, ‘हात धू, रात्रीचा झगा घाल.’ ‘कुणाला कळलं तर भ्यायचं कशाला’ हे वाक्य ती दोन माणसांच्या देखत बोलते. वैद्य म्हणतो डोळे उघडे आहेत, दासी म्हणते पण त्यांना दिसत नाही. म्हणून नटीने प्रेक्षकांकडे बघायचं नाही, वैद्याकडे तर नाहीच. नवऱ्याची उंची मनात धरून तिथे बघायचं. आणि हो, वैद्याचं काम तुमच्यातल्या सगळ्यात चांगल्या नटाला द्या. प्रेक्षक तिचं अर्धं दुःख त्याच्या चेहऱ्यावर वाचतात.

साशंक
ग्रीक शोकांतिकेत मग तुमचं स्वगत बसतच नसणार. कोरस, म्हणजे गाणारा-बोलणारा समूह, सदा हजर.

पोथीपंडित
जवळपास तसंच. युरिपिडीसच्या नाटकातली मिडीआ आपल्या पोरांना मारू की नको म्हणून तडफडते तेव्हा कॉरिंथच्या बाया सगळं ऐकत असतात. अपवाद सोफोक्लिसच्या ‘एजॅक्स’चा. कोरस त्याला शोधायला बाहेर जातो, रंगपीठ रिकामं होतं, आणि तो तलवार रोवून शेवटचं बोलतो. ग्रीक नाटकात कोरस असा मध्येच बाहेर पडणं फार विरळा.

तिसरी घंटा
ठीक. पहिल्या अंकातले कंस ठेवते. मॅकबेथ बँकोला विचारतो त्या वाक्याला (जनांतिक) न लिहिता (फक्त बँकोला) लिहिते, कारण आमच्या पोरांना त्रिपताक हात शिकवायला वेळ नाही. पाचव्या अंकातले सगळे कंस काढले. हॅम्लेटवर मात्र गटात अजून एकमत नाही. ऑफिलिया करणारी म्हणतेय, मला ऐकू आलं तर मी पुस्तकाचं पान उलटणार नाही. रविवारी दोन्ही तऱ्हांनी करून बघतोय.