धावून पैसे जमवणं

एखाद्या संस्थेसाठी मॅरेथॉन धावून लोकांकडून देणग्या जमवतात, त्यावर "थेट देणगी द्या, धावायची काय गरज?" असं काही जण विचारतात. मी मुंबईची अर्धमॅरेथॉन, २१.०९७ किमी, एका अंधशाळेसाठी धावलो. माझ्या एकट्याच्या खिशातून फार तर पाच हजार गेले असते. पण पहाटे सी लिंक ओलांडून पेडर रोडचा चढ चढणार म्हटल्यावर ऑफिसातल्यांनी, सोसायटीतल्यांनी, अगदी आमच्या वाण्यानंही पैसे दिले. बहुतेकांनी त्या शाळेचं नावही ऐकलं नव्हतं. त्यातल्या दोघी आता दर शनिवारी मुलांना वाचून दाखवायला जातात! नुसत्या चेकनं हे झालं नसतं.

मात्र पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नका, थेट संस्थेला द्यायला सांगा. देणगीवरच्या करसवलतीची पावती (८०जीची म्हणतात ती) देणाऱ्याच्या नावावर निघायला हवी, आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही.